मराठी सहल कंपनीबरोबर इटली: दारव्ह्याकडच्या एका प्रवाशाचा अभिप्राय

पुण्या-मुंबईच्या सहल कंपन्या आता विदर्भातल्या तालुक्याच्या गावांपर्यंत पोचल्या आहेत. यवतमाळ आणि अमरावतीला त्यांचे प्रतिनिधी बसतात, दिवाळीनंतर उन्हाळी सहलींची नोंदणी सुरू होते, आणि हरभरा निघाल्यापासून खरिपाच्या पेरणीपर्यंत जो मोकळा काळ मिळतो त्यात शेतकरी, शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेली मंडळी जोडीने युरोप पाहून येतात. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावाहून आम्ही पतिपत्नी मागच्या मे महिन्यात अशाच एका कंपनीच्या इटली सहलीला गेलो. मिलान, व्हेनिस, पिसा, फ्लॉरेन्स आणि रोम असा ठरलेला मार्ग होता. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण चौकशी करताना हाती आलेली इतर माहितीपत्रकेही थोड्याफार फरकाने अशीच होती आणि माझे आक्षेप या साऱ्या साच्यालाच आहेत. मत आधीच सांगून टाकतो: माणसे सांभाळण्यात ही सेवा पहिल्या दर्जाची आहे आणि इटली दाखवण्यात दुसऱ्या दर्जाची. अधिक पैसे न घेताही यात सुधारणा होऊ शकते, कारण प्रश्न वेळ कुठे खर्च करायचा एवढाच आहे.

व्हिसाच्या कामात कंपनीने दाखवलेली हुशारी प्रथम नोंदवतो. इटली शेंगेन गटातला, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांतला एक आहे आणि अर्जासोबत उत्पन्नाचा पुरावा लागतो. शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त असल्यामुळे आमच्याकडच्या बऱ्याच शेतकऱ्यांजवळ आयकराचे विवरणपत्रच नसते आणि पुष्कळांची युरोपची इच्छा याच पायरीवर अडते. यवतमाळच्या प्रतिनिधीने सातबारा, आठ-अ, बाजार समितीच्या हिशेबपट्ट्या, कापसाचे पैसे खात्यात जमा झाल्याच्या नोंदी आणि बँकेचा उतारा एकत्र लावला, मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर करून घेतले आणि वर एक साधे, स्वच्छ पत्र जोडले. व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो आहे, किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे, आणि बोटांचे ठसे एकदा दिले की ५९ महिन्यांपर्यंतच्या पुढच्या अर्जांना तेच चालतात, हे सगळे त्याने न विचारता सांगितले. न सांगितलेली गोष्ट एवढीच की, ‘सर्व खर्चासह’ म्हणून छापलेली रक्कम मुंबई विमानतळापासून मोजलेली असते. ठसे देण्यासाठी एकदा आणि प्रत्यक्ष सहलीसाठी पुन्हा, असा धामणगाव किंवा बडनेऱ्याहून रात्रभराचा रेल्वेप्रवास, मुंबईतली खोली, टॅक्सी, हे सारे आपल्या खिशातून जाते. मुंबईच्या प्रवाशाला हा खर्च दिसत नाही. वऱ्हाडातल्या माणसाने तो धरूनच हिशेब मांडावा.

जेवणाबाबत बहुतेक सहप्रवासी पूर्ण गुण देतील. रोज संध्याकाळी भारतीय उपाहारगृहात वरण-भात, पोळी, दोन भाज्या मिळत, कांदा-लसूण न खाणाऱ्यांचे ताट वेगळे येई, आणि व्यवस्थापकाच्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी नेहमी असे. उतारवयातल्या माणसाचे पोट परदेशात बिघडू नये ही काळजी रास्तच आहे. पण ती इतकी टोकाला नेली होती की, इटलीत असूनही इटालियन अन्न आमच्या वाट्याला महामार्गावरच्या उपाहारगृहातल्या एका पिझ्झ्यापुरतेच आले. ज्या देशातल्या नेपल्सच्या पिझ्झा बनवण्याच्या कलेला युनेस्कोने २०१७ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, आणि जिथे उत्तरेकडचे शेतकरी पिढ्यान् पिढ्या मक्याच्या पिठाचा पोलेंटा खाऊन जगले, तिथे शाकाहारी माणसाला खाण्यासारखे काही नाही हे कसे मानावे? एकीकडे एवढी दक्षता आणि दुसरीकडे साधी माहिती दिली जात नाही. पार्मिजानो रेज्जानो नावाचे प्रसिद्ध चीज बनवताना दूध विरजायला वासराच्या जठरातले रेनेट वापरतात. आमच्या गटात माळकरी मंडळी होती, आणि त्या एका दुपारी ती मोठ्या आवडीने ते किसून घेत होती. कॉफीच्या दुकानात उभ्याने कॉफी घेतली तर एक दर आणि टेबलाशी बसले तर अनेक ठिकाणी त्याच्या दुपटीहून अधिक दर लागतो, हेही बिल पाहूनच कळले.

बसच्या बाबतीत मात्र कंपनीला दोष देणाऱ्यांशी मी सहमत नाही. युरोपीय संघाच्या नियमानुसार चालकाने साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते आणि दिवसभरात साधारण ९ तासांहून अधिक गाडी चालवता येत नाही; गाडीतले यंत्र याची नोंद ठेवते. आपल्याकडच्या खासगी बसवाल्यासारखे ‘जरा दाबून घ्या’ तिथे चालत नाही. जुन्या शहरांच्या मध्यभागी वाहनांना बंदी असल्यामुळे बस दूर उभी राहते आणि चालणे बरेच होते. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी हे आधी ध्यानात घ्यावे, आणि व्यवस्थापकाला तसे सांगितल्यास तो सोय करतो, हा अनुभव माझ्या पत्नीचा आहे: पुढची आसने, लिफ्टची चौकशी, औषधांच्या वेळेची आठवण, यांत तो तरुण एकदाही चुकला नाही.

मिलान हे येण्या-जाण्याचे ठिकाण म्हणूनच ठेवले होते. १३८६ मध्ये सुरू झालेले तिथले प्रचंड कॅथेड्रल बाहेरून पाहिले, आणि लिओनार्दो दा विंचीचे येशूच्या अखेरच्या भोजनप्रसंगाचे भित्तिचित्र कार्यक्रमातच नव्हते. ते पाहण्यासाठी आगाऊ नोंदणी लागते आणि आत १५ मिनिटेच थांबता येते, त्यामुळे मोठ्या गटासाठी ते जमवणे अवघड आहे हे समजू शकते. व्हेनिसमध्ये २०२४ पासून मार्गदर्शकाबरोबरच्या गटात २५ हून अधिक माणसे नकोत आणि ध्वनिवर्धक वापरू नये असा नियम झाला आहे. कंपनीने आमचे दोन गट केले, कानात लावायची यंत्रे दिली, आणि गल्ल्या-पुलांच्या त्या गुंत्यात कोणीही हरवले नाही. गोंडोलाची फेरी सर्वांना आवडली. मुरानो बेटावर मात्र काच फुंकण्याचे प्रात्यक्षिक थोडा वेळ आणि दुकान बराच वेळ, असा प्रकार झाला. आगीच्या भीतीने १२९१ मध्ये व्हेनिसच्या काचेच्या भट्ट्या या बेटावर हलवल्या गेल्या, इतका जुना धंदा आहे. तो सांगण्याऐवजी दिव्यांच्या किमती आणि घरपोच पाठवण्याची सोय सांगण्यात आली.

पिसाला स्थानिक मार्गदर्शक दिलेला नव्हता आणि दिलेला वेळ तिथल्या कललेल्या मनोऱ्याला हाताने टेकू दिल्याचे छायाचित्र काढण्यापुरताच होता. पुष्कळांना तो पुरला. शेतकऱ्याला मात्र हा मनोरा वेगळ्याच कारणासाठी थांबवून ठेवतो. ११७३ मध्ये बांधकाम सुरू झाले, तिसऱ्या मजल्यापर्यंत चढवेतो खालची मऊ चिकणमाती दबू लागली, आणि पुढे युद्धांमुळे काम जवळजवळ शंभर वर्षे बंद राहिले. हे बंद पडणेच त्याच्या पथ्यावर पडले, कारण तेवढ्या काळात वजनाखाली माती आवळत गेली. सलग बांधला असता तर तो तेव्हाच कोसळला असता, असे अभियंत्यांचे मत आहे. पुढच्या गवंड्यांनी कलत्या बाजूचे मजले किंचित उंच घेऊन तोल सावरायचा प्रयत्न केला, म्हणून नीट निरखले तर मनोरा कललेला तर दिसतोच, शिवाय थोडा वाकलेलाही दिसतो. १८३८ मध्ये मातीत बुडालेला पायथा लोकांना दिसावा म्हणून भोवताली खणले, तेव्हा पाणी आत शिरले आणि कल आणखी वाढला. अखेर १९९० मध्ये मनोरा बंद करण्यात आला. उत्तरेच्या बाजूवर शिशाची वजने ठेवली, मग त्याच बाजूच्या पायाखालून तिरप्या नळ्या घालून थोडी थोडी करत सुमारे ३८ घनमीटर माती काढली. वरचे टोक ४५ सेंटीमीटरच्या आसपास मागे आले आणि २००१ मध्ये मनोरा पुन्हा उघडला. ज्या बाजूला कलला ती उचलून धरण्याऐवजी उलट बाजूची माती काढण्याची ही युक्ती मला तिथल्या संगमरवराहून अधिक पाहण्यासारखी वाटली. आमच्याकडे काळी माती उपसून मुरूम भरल्याशिवाय कोणी घराचा पाया घालत नाही, कारण उन्हाळ्यात ती जमीन फाटते, पावसाळ्यात फुगते आणि भिंतींना भेगा जातात. दिग्रसकडचे एक सहप्रवासी पायथ्याभोवतीच्या खोलगट भागात वाकून पाहत म्हणाले, “बाप्पा, यायनं त मुरूमच नाही टाकला!” आणि आजूबाजूच्या चारपाच शेतकऱ्यांत पायाभरणीवर चर्चा सुरू झाली. तोवर बसकडे चला अशी हाक आली. या चर्चेला अर्धा तास आणि एक जाणता मार्गदर्शक मिळाला असता, तर आमच्या गटाने पिसा जन्मभर लक्षात ठेवले असते.

फ्लॉरेन्समध्ये या सेवेचे गुण आणि दोष दोन्ही सर्वांत ठळक दिसले. शहराच्या कॅथेड्रलवरचा, ब्रुनेलेस्की या वास्तुरचनाकाराचा घुमट १४२० ते १४३६ या काळात जमिनीपासून लाकडी आधार न उभारता, विटांची नागमोडी गुंफण करत बांधला गेला. चुना ओला असताना विटा खाली का घसरल्या नाहीत, हे आमच्या स्थानिक मार्गदर्शिकेने हाताच्या बोटांत बोटे अडकवून इतके सोपे करून सांगितले की, भाषेची अडचण उरलीच नाही. नंतर आम्हाला मुख्य चौकात नेऊन मायकेलअँजेलोचा डेव्हिड दाखवण्यात आला. तो मूळ पुतळा नव्हे. १५०१ ते १५०४ मध्ये घडवलेला, ५ मीटरहून उंच असा मूळ पुतळा १८७३ पासून अकादेमिया या संग्रहालयात आहे आणि चौकात आहे ती प्रतिकृती. व्यवस्थापकाने हे सांगितले नाही, आणि गावी परतून डेव्हिड पाहिल्याचे सांगणारे आमचे कित्येक सहप्रवासी प्रतिकृती पाहून आले आहेत. तिकिटाचा खर्च टाळायचा असेल तर टाळावा, पण तसे स्पष्ट सांगावे.

त्यानंतर चामड्याच्या वस्तूंचे दुकान होते. तिथे दीड तासाहून अधिक वेळ ठरवलेला होता. अस्सल चामडे ज्योतीवर धरले तरी सहज पेटत नाही, हे एका मुलीने काडी पेटवून दाखवले, आणि मग सर्वांना पाकिटांच्या दालनात सोडले. मी व्यवस्थापकाला विचारले की, तेवढ्या वेळात काशिने उद्यानात जाऊन येता येईल का. त्याने कुरकुर केली नाही. माझ्यासह तिघांसाठी टॅक्सी बोलावली, परत कुठे भेटायचे ते चालकाला लिहून दिले, आणि दर अर्ध्या तासाने फोन केला. टॅक्सीचे पैसे आमचे. या उद्यानाच्या पश्चिम टोकाला, जिथे मुन्योने हा ओढा आर्नो नदीला मिळतो, तिथे कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांचे स्मारक आहे. इंग्लंडचा दौरा करून परतत असताना, वयाच्या विशीतच, ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचे फ्लॉरेन्समध्ये निधन झाले. हे शहर त्या वेळी इटलीची राजधानी होते. उघड्यावर दहन ही गोष्ट तिथे कोणी पाहिलेली नव्हती, तरीही नगराच्या अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली आणि संगमाच्या काठावर अंत्यसंस्कार झाले. १८७४ मध्ये तिथे छत्री उभारली गेली. आत महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा आहे, फेटा आणि दागिने रंगांसह कोरलेले आहेत, आणि वरचा घुमट आपल्याकडच्या कुठल्याही संस्थानी गावात शोभला असता असा आहे. ही छत्री कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा वास्तुरचनाकार चार्ल्स मँट याने आखली. जवळच १९७८ मध्ये झालेल्या मोठ्या पुलाला फ्लॉरेन्सचे लोक ‘भारतीयाचा पूल’ म्हणून ओळखतात. आम्ही उभे होतो तेव्हा सायकलवरून जाणारा एक वृद्ध गृहस्थ थांबला, छत्रीकडे आणि आमच्याकडे बोट दाखवून त्याने काही विचारले, आम्ही ‘इंडिया, महाराष्ट्र’ म्हटले, तो मान हलवून पुढे गेला. मराठी माणसांना घेऊन जाणाऱ्या, मराठीत माहितीपत्रक छापणाऱ्या कंपनीच्या कार्यक्रमात हे ठिकाण नसावे आणि पाकिटांचे दुकान असावे, ही माझी सर्वांत मोठी तक्रार आहे.

याच जातीची दुसरी जागा फ्लॉरेन्स ते रोम या टप्प्यात, थोड्या आडवाटेने, उम्ब्रिया प्रांतात आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीत पन्नास हजारांच्या आसपास भारतीय सैनिक लढले आणि तिथे दिल्या गेलेल्या व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटिशांच्या सर्वोच्च शौर्यपदकांच्या २० मानकऱ्यांपैकी ६ भारतीय होते. भारतीयांना मिळाले. त्यांपैकी यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव हे दोघे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे होते. घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले, आणि मोन्तोने या गावात २०२३ मध्ये त्यांच्या नावे सूर्यघड्याळाच्या रूपातले स्मारक झाले. बसला तिथे जायचे तर वेळ काढावा लागेल हे खरे, पण मुरानोच्या दिव्यांसाठी वेळ निघतोच ना?

रोममध्ये व्हॅटिकनची व्यवस्था निर्दोष होती. रांगेशिवाय प्रवेशाची तिकिटे आधी काढलेली होती, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत ही सूचना आदल्या रात्रीच दिली गेली, आणि सिस्टीन चॅपेलमध्ये बोलण्यास मनाई असल्याने मार्गदर्शकाने बाहेरच्या अंगणात फलकासमोर उभे करून मायकेलअँजेलोने रंगवलेले १५०८ ते १५१२ मधले छत आणि १५३६ ते १५४१ मधले वेदीमागचे चित्र यांची नीट उजळणी करून घेतली. त्यामुळे आत गेल्यावर काय कुठे पाहायचे हे आमच्या पत्नीलाही, जिने कधी चित्रांचे पुस्तक उघडलेले नाही, नेमके ठाऊक होते. कोलोसियम मात्र बाहेरून दाखवले. इसवी सन ८० मध्ये उघडलेल्या या खुल्या प्रेक्षागाराच्या भोवती फेरी मारून, ‘आत फक्त पडके दगड आहेत’ असे ऐकून परत फिरणे मला पटले नाही.

पँथिऑनला वीस-पंचवीस मिनिटे मिळाली. सम्राट हेड्रियनच्या काळात, इसवी सन १२५ च्या सुमारास पुरे झालेले हे देऊळ आज चर्च म्हणून वापरात आहे. त्याचा घुमट ४३ मीटरहून थोडा अधिक रुंद आहे आणि जमिनीपासून त्याची उंचीही तेवढीच आहे. लोखंडी सळ्यांशिवाय ओतलेल्या काँक्रीटचा इतका मोठा घुमट जगात दुसरा नाही. खालच्या थरांत जड दगडाची खडी आणि वर जाता जाता हलकी, शेवटी ज्वालामुखीतला सच्छिद्र दगड, अशी मिसळ त्यांनी केली. माथ्यावर उघडे गोल भोक आहे, त्यातून ऊन आत येते आणि पाऊसही. मी माथ्याकडे पाहून झाल्यावर फरशीकडे पाहिले: संगमरवरी फरशी मध्यभागी किंचित फुगीर आहे आणि तिच्यात बोटभर रुंदीची भोके कोरलेली आहेत, ज्यांतून पावसाचे पाणी खालच्या नाल्यात जाते. मागच्या वर्षी बांधलेल्या आमच्या ग्रामपंचायतीच्या सभागृहात पहिल्या पावसात पाणी तुंबले होते, त्यामुळे मी त्या भोकांपाशी जरा अधिकच रेंगाळलो. राफाएल या चित्रकाराची समाधीही इथेच आहे. ती पाहीपर्यंत वेळ संपला.

माणशी खर्च, मुंबईपर्यंतचे जाणे-येणे धरून, तीन लाखांच्या जवळ गेला, आणि चालक-मार्गदर्शकांच्या बक्षिसीचे युरो त्याहून वेगळे. पहिल्यांदाच देशाबाहेर जाणाऱ्या, इंग्रजीची धास्ती असलेल्या, पथ्यपाणी सांभाळावे लागणाऱ्या जोडप्याने ही सहल घ्यायला माझी हरकत नाही. एवढी देखभाल स्वतःहून फिरताना कोणी करणार नाही. ज्यांची मुले परदेशात आहेत किंवा ज्यांना स्वतः रेल्वेची तिकिटे काढता येतात, त्यांनी फ्लॉरेन्स आणि रोम या दोनच शहरांत मुक्काम करावा, बाकीचे सोडून द्यावे.

परतल्यावर आलेल्या अभिप्रायाच्या अर्जात मी वरील सारे लिहून पाठवले. काही दिवसांनी कार्यालयातून एका बाईंचा नम्र फोन आला. काशिने उद्यानाबद्दल त्यांनी प्रथमच ऐकले होते, त्यांनी स्थळाचे नाव दोनदा उच्चारून लिहून घेतले. चामड्याचे दुकान वगळता येईल का, असे विचारल्यावर मात्र ते भागीदारांशी ठरलेले असते, असे उत्तर मिळाले. आमच्या गावातली दोन जोडपी पुढच्या मे महिन्यासाठी याच कंपनीकडे नाव नोंदवणार आहेत. त्यांना मी एवढेच सांगितले आहे की, आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी कोलोसियम आतून, अकादेमियाचे तिकीट आणि दुकानाच्या वेळेत उद्यानात जाण्याची मुभा, या तीन गोष्टी प्रतिनिधीकडून लेखी घ्याव्यात.